दारातले स्पीकर

रविवार, ९ मार्च
सकाळचे अकरा

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे. चहा मिळाला, डोक्यावर पंखा चालू आहे. हे पत्र आई घेऊन येईल. ती उघडणार नाही, आतलं तिला कळून घ्यायचंच नाही. तुझा जबडा तारांनी बांधलाय, त्यामुळे फोनवर तुला बोलता येत नाही, आणि मला इथून फोन करू देत नाहीत. इथे म्हणजे पोलीस चौकीत. घाबर हवं तर, पण आधी पूर्ण वाच.

काल भाऊजी दुकानात आले. आठवडाभरात तुला बघायला दवाखान्यात एकदाही फिरकले नाहीत, पण गाडीच्या स्पीकरसाठी साडेनऊला हजर. मोठे हवे होते. मी नेहमीसारख्या भिंतीवरच्या जोड्या एकेक करून वाजवल्या. पहिली त्यांना पातळ वाटली, दुसरीचा ठोका आवडला. गाणं कोणतं ते त्यांनी ऐकलंच नाही, आवाज कुठवर चढतो तेवढंच विचारत होते. मग म्हणाले, "शेजारच्या सीटकडचा वरचा छोटा फुटलाय. आवाज जास्त झाला असेल."

वरचा छोटा म्हणजे आरशाजवळ, बसणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला असतो तो. ताई, आवाजाने गेलेला स्पीकर आतून जळतो, त्याचा वास येतो. त्याची जाळी जागची हलत नाही. गाडीत जाऊन बघितलं, तर ही जाळी वाटीसारखी आत दबली होती. तिच्यात तुझे केस होते, अर्धे पिकलेले, मुळासकट, आणि कडेला वाळलेलं रक्त.

तू सांगितलंस, न्हाणीघरात पाय घसरला. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली होती.

मी विचारलं, "भाऊजी, हे काय?"

"तुझ्या बहिणीला एकदा सांगून कळतं का? तू नवे बसव आणि तोंड बंद ठेव."

मी बसवले. चारही. मग त्यांना तुझ्या जागेवर बसवलं, म्हटलं, ऐकून बघा. मी शेजारी बसलो, काचा वर केल्या, दारं लावली, आवाज शेवटपर्यंत चढवला आणि त्यांचं डोकं धरून आरशाजवळ आपटलं. पुन्हा आपटलं. नाक फुटल्याचं हाताला कळलं, ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्या अंगठ्याला हाडापर्यंत चावा घेतला, तेव्हा मी खिशातला पाना काढून दातांवर घातला. ते ओरडत होते, माफी मागत होते, ते ओठांवरून दिसत होतं. गाडीबाहेर हातभर अंतरावर माझा भागीदार तारा जोडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

मला ते आवडलं, ताई. पोलिसांना हे सांगितलं नाही, तुला सांगतो. शेवटचे दोन-तीन फटके तुझ्यासाठी नव्हतेच. गाणं संपलं, त्यांचं रडणं कानावर आलं, तेव्हा थांबलो. जिवंत आहेत. एक डोळा वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मागच्या वर्षी शेजारी तक्रार करतात म्हणून त्यांनी गाडीच्या चारही दारांत आवाज अडवणारे थर भरून घेतले. मीच भरले, एकाच्या जागी दोन-दोन, मोठ्या हौसेने. तुझ्यासमोर म्हणालो होतो, आत कोणी बोंबललं तरी बाहेर चिटपाखरालाही कळणार नाही. भाऊजी पोट धरून हसले.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता. "नको रे बसवूस ते." एवढंच. मी म्हणालो, तुला गाड्यांतलं काय कळतं, आणि फोन ठेवला. तुझ्या मनगटावरचे डाग मी त्याआधी पाहिले होते. शेजाऱ्यांना कसला आवाज जातो, ते मला थोडंफार कळलंही होतं. मेहुण्याशी वाकडं नको म्हणून मी कळून घेतलं नाही.

दुपारी पोलीस बाई तुझ्याकडे कागद घेऊन येतील. न्हाणीघर लिहिलंस तर मी विनाकारण मारणारा ठरेन. ठरू दे, मारलंय मी. पण ते बरे होतील आणि तुला न्यायला येतील, त्याच गाडीतून, आणि मी तेव्हा तुरुंगात असेन. आई म्हणेल, जावई आहेत, सांभाळून घे. तिच्या तोंडाकडे बघू नकोस. पेन घे आणि खरं लिही. माझ्यासाठी लिहू नकोस, मी त्या लायकीचा नाही.

तू नको म्हणालीस तरी ज्याने बसवलं, तो तुझा
धाकटा