शेळीचा लेप

१४ सप्टेंबर, रविवार. पिशोर
छातीत डाव्या बाजूला गाठ लागतीय, आठ दिवस झाले. आज आत्याला सांगितलं. सासू आहे माझी, पण लग्नापासून आत्याच म्हणते, आणि आईला जे सांगत नाही ते हिला सांगते. दार लोटून तिनं हात लावून बघितलं. "दुखतं?" नाय. "गरम लागतं?" नाय. "मग भिऊ नको. दगडी असती तर वरडली असतीस. लेपानं विरघळंल."
शेळ्या-मेंढ्यांची कास दगडासारखी होऊन तापली, की ती दगडी. अख्खं गाव जनावर घेऊन हिच्याकडं येतं. कोरफड, हळद, चुना. दुखत नाही म्हणजे हलकं, हे तिचं गणित. मलाही पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

५ ऑक्टोबर. मुकुंदवाडी
लेप डबीत भरून इथं शहरातल्या खोलीवर आणलाय. कंपनीतून आलं की लावायचा. सगळे ब्लाऊज पिवळे. हे म्हणाले, "परत लग्नबिग्न हाय का?" म्हणलं हाय, तुमच्याशी नाय. हसत बसले. अजून सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर. पिशोर
एकजण शेळी घेऊन आला. पंधरा दिवस उशीर, एका बाजूची कास काळीनिळी. आत्या रागावली नाही. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं म्हणाली, "आता पुढचं बघू." तो बापडा दावं धरून उभा. आत्या असं म्हणाली की काय समजायचं, ते इथं लेकरालाही कळतं.
मग माझा लेप. आधी आपले हात चुलीवर शेकून घेते, मला गार लागू नये म्हणून. गाठ तेवढीच आहे म्हणाली. मला मोठी वाटते. बोलले नाही. तिचं मन मोडवेना.

१८ डिसेंबर
शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगला उभी असताना बगलेत ओढ बसली. सुट्टी मागायची तर साहेबाला कुठल्या तोंडानं सांगू, कुठं काय झालंय ते? पोट दुखतंय म्हणलं. अर्धा दिवस मिळाला. त्या अर्ध्या दिवसात बाईनं काय केलं, तर घरी येऊन गहू निवडले. दवाखाना रस्त्यातच होता. अक्कल गहाण टाकलीय मी.

८ फेब्रुवारी, रविवार. पिशोर
कातडी आत ओढली गेलीय. आठ दिवस आरशात बघत होते, आज आत्याला दाखवलं. तिनं बघितलं आणि डबीला झाकण लावलं. लेप लावलाच नाही. "उद्या दवाखान्यात. मी येते संग." मग मोरीपाशी जाऊन हात धुतले. परत धुतले.

१२ फेब्रुवारी
गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. ह्यांना सांगावंच लागलं. वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. "मला का नाय सांगितलं गं," एवढंच, आणि जिन्यात जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी
कॅन्सर. बगलेतही गेलाय.
डॉक्टरबाई तरुण आहे, नीट बोलते. आधी केमो. मग ऑपरेशन होतं का ते बघायचं. होतं का, असं म्हणाली. तिनं विचारलं, कधीपासून आहे? मी म्हणलं, दोन महिने. बाजूच्या खुर्चीत आत्या होती ना.
तर आत्याच म्हणाली, "खोटं बोलती, म्याडम. भादव्यापासून हाय. मीच लेप लावला. शेळीचा."
डॉक्टरबाई लिहायची थांबली. आत्यानं विचारलं, "तवाच आणली असती तर?"
डॉक्टरबाईनं फाईल मिटली. रागावली नाही. "आई, आता पुढचं बघू."
आत्यानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

२२ फेब्रुवारी
राग जात नाही. माझा मला येतो, तेवढाच तिचाही. पाच महिने. शेळ्या राखणारीला कळलं नाही ते ठीक, मी बारावी झालेली ना? पण ती हात शेकून लावायची, हे आठवलं की रडू येतं, आणि मग रडू आल्याचाच राग.

१ मार्च, रविवार
उद्या पहिली केमो. आत्या आली, मेंढरं जावेवर सोपवून. आल्यापासून हात पदराखाली. चहाचा कप दिला तर खाली ठेव म्हणते, बोटाला बोट लागू देत नाही.
शेवटी मीच विचारलं, "आत्या, तुम्ही 'पुढचं बघू' म्हणल्यावर एखादी तरी वाचली का?"
पदराखालचे हात तिनं आणखी आत घेतले. मग म्हणाली, "एक वाचली. काळतोंडी. एका बाजूचं दूध गेलं तिचं. पण पुढं दोनदा व्याली."
कुणाची, कवाची, काही विचारलं नाही. उद्याचा दिवस मला ती काळतोंडी पुरंल.
म्हणलं, आत्या, वेणी घालून द्या. नको नको म्हणाली. मी फणी घेऊन तिच्यापुढं पाठ करून बसले. जरा वेळानं उठली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. हात शेकत होती.