धुळीचा खोकला

कूबर पीडी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, २४ मार्च २०२०

प्रिय आई,

मी ठीक आहे. सकाळचा ताप ३६.७ सेल्सियस, म्हणजे नाहीच. पण तुझ्या पेट्रोल पंपावर यावेळी येत नाही.

ज्याला तुला दाखवायला आणत होते, तो क्लिंट दोन दिवस गाडीत खोकत होता. मुठीत खोकायचा आणि त्याच हाताने माझ्या पुडीतले चिप्स खायचा. शिसारी आली, तरी मी गप्प बसले. आता त्या गप्प बसण्याचीच जास्त शिसारी येते.

तुझ्या पंपाच्या अलीकडे, करोनाच्या तपासणी नाक्यावर नर्सने त्याला विचारलं, "खोकला कसला रे?"

"वाळवंटातली धूळ हो, मावशी!"

मला तुझी अधू फुप्फुसं आठवली. "पाचशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि काचा बंद आहेत," मी म्हणाले.

"नवऱ्याला घेऊन मागे फिर, पोरी."

"नवरा नाही, मित्र."

"मग अजून वेळ गेलेली नाही."

मागे फिरून आता इथे चौदा दिवस दोघं वेगवेगळ्या खोल्यांत. तो बोलत नाही, बरं वाटतं.

धाप कमी आहे का? गिऱ्हाइकांना आत घेऊ नकोस, खिडकीतूनच दे. आणि पाकिटावर लिहिलं होतं तसं, पत्र दोन दिवस उन्हात ठेवूनच उघडलंस ना?

दुरूनच, पण तुझीच,
ब्रॉन्विन