आईच्या तापाचे दहा फोटो

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ज्यांना घरातली प्रत्येक गोष्ट सगळ्यांत शेवटी कळते, अशा माझ्या तिन्ही भावंडांनो,

ताईला नमस्कार. दादालाही नमस्कार, तो घ्यायचा की नाही ते त्याने ठरवावं. शेंडेफळाला एरवी पाठीत धपाटाच मिळाला असता, पण डॉक्टरीणबाईंनी आणखी महिनाभर त्याच्यापासून चार हात लांब राहायला सांगितलंय, तेव्हा धपाटा माफ.

आपली तक्रार जुनी आहे. बाबांचं ऑपरेशन झालं ते आपल्याला टाके काढायच्या दिवशी कळलं. जुनं घर सोडायचं ठरलं ते सामान बांधायला बोलावल्यावर कळलं. आपण चौघं वर्षानुवर्षं एकमेकांना फोन करून विचारत आलो, की या घरात कुणी वेळेवर तोंड का उघडत नाही. गेल्या बुधवारी मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि तेव्हापासून माझी वाचाच बसली आहे. हस, दादा. तू मला भोंगा म्हणतोस ना, तो भोंगा सहा दिवस बंद आहे. छापखान्यात जाते, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, चुका काढते, घरी येते. गेटवरच्या युनियनच्या सभेला काल गेलेसुद्धा नाही. कामगार म्हणाले, बाई आजारी दिसतात.

मी आजारी नाही. आईही आता बरी आहे, जेवते, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते, फोन वाजला की दचकते. हे पत्र तिघांना एकसारखंच पाठवते आहे, एका शब्दाचाही फरक नाही. ताई, शेंडेफळाला इतक्यात काही सांगायचं नाही असं तू बजावलं होतंस. मी ऐकत नाही. त्याच्या शरीरात जे झालं ते त्यालाच शेवटी कळावं, हे मला यापुढे चालणार नाही.

तर सांगते.

आईला थोडे दिवस माझ्याकडे आणायला मी बुधवारी तिच्या घरी गेले होते. जिन्यात शेजारच्या शिवणवाल्या काकू भेटल्या. धाकट्याची चौकशी केली, हळहळल्या. मग माझं मन हलकं करावं म्हणून हसत म्हणाल्या, "तुमच्या आईंची पण कमाल. सुट्टीच्या आधी पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, ताप माझा मोजायच्या आणि फोटो तुम्हाला पाठवायच्या."

मी म्हटलं, तुमचा म्हणजे?

"माझ्याच काखेत असायचा की थर्मामीटर. म्हणाल्या, माझ्या काखेत नीट बसत नाही. मला काय, मशीन चालवता चालवता दोन मिनिटं धरायचा."

त्या बिचारीला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. पाच दिवस, रोज दोन, म्हणजे दहा फोटो. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. प्रत्येक फोटोखाली आपण अंगठा वर केलेला. आपण चौघं ज्या तापाच्या भरवशावर गाड्यांत बसलो तो आपल्या आईचा नव्हताच. एका धडधाकट शिंपिणीचा होता.

नियम माझा होता, हे तुम्हाला आठवत असेलच. चार वर्षांपूर्वी ताईने शेंडेफळाला स्वतःची किडनी दिली, तेव्हा मी ठरवलं की या घरात यापुढे हलगर्जीपणा चालणार नाही. साधी सर्दीसुद्धा त्याला महागात पडेल, त्याच्या गोळ्याच तशा आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी चार पुस्तकं वाचली, टिपणं काढली आणि फोनवर सभा भरवून सात कलमं वाचून दाखवली. दरवर्षीच्या सुट्टीला आईकडे जमायला निघण्याआधी पाच दिवस प्रत्येकाने, आईनेसुद्धा, तापाचा फोटो टाकायचा. ज्याला ताप किंवा खोकला, त्याने यायचं नाही. आणि सातवं कलम, ज्याचा मला फार अभिमान होता: आईच आजारी असेल तर त्या वर्षीची सुट्टी रद्द. कुणी काही बोललं नाही. मी त्याला एकमत म्हटलं.

मग दोन वर्षांपूर्वी दादा नाक ओढत आला. प्रवासात गाडीतल्या एसीने झालंय, म्हणाला. मी काय केलं ते तुम्ही विसरला नसाल. उभी राहिले आणि बोलले. वीस मिनिटं. त्याच्या मुलांसमोर, वहिनीसमोर. बेजबाबदार म्हटलं, भावाच्या जिवावर उठलेला म्हटलं. पोरं ताटावरून उठली. दादाने बॅग उचलली आणि गेला, आणि पुढच्या वर्षी आला नाही. मुद्दा माझा बरोबर होता. आजही बरोबर आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत आईही बसली होती, आणि तिने काय शिकायचं ते शिकून घेतलं.

बुधवारी वर गेले तेव्हा ती कपाटाशी होती. मी काकूंचं नाव घेतलं. तिने घडी घातलेली साडी उलगडली आणि पुन्हा घडी घालू लागली.

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता?" ती म्हणाली.

मी पिशवी उघडून तिचे कपडे भरू लागले.

"दोन वर्षांनी माझी चार माणसं एका खोलीत बसणार होती. एक दिवस मागेपुढे करा म्हणायची तरी सोय होती का? तुझं रद्द म्हणजे रद्द. मग वर्ष काढायचं. माझ्याकडे अशी किती वर्षं आहेत, सांग ना, तू एवढं वाचतेस."

मग तिने सगळं सांगितलं. आपण पोचायच्या पाच दिवस आधीपासून तिला ताप होता. गोळी घेतली की उतरायचा. तिला वाटलं, सांभाळून राहू. शेंडेफळाच्या ताटाला तिने हात लावला नाही. तो दारातून आत आला तेव्हा 'हात पिठाचे आहेत' म्हणून मागे सरकली. त्याच्या खोलीत गेली नाही. पदर नाकावर ओढून स्वयंपाकघरातच बसून राहिली, आणि आपण तिला चिडवलं, की बाई नवी नवरी झाली. तिच्या परीने ती नियम पाळत होती, आपल्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. तिसऱ्या दिवशी शेंडेफळ मला गॅलरीत म्हणाला, आई माझ्यावर रागावलीय का गं, जवळच येत नाही. मी म्हटलं, मग जा की, मनव तिला. मीच पाठवलं. तो आत गेला, ती जमिनीवर भाजी निवडत बसली होती, आणि हा चौतीस वर्षांचा घोडा तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. तिने दोनदा ऊठ म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही, असं ती बुधवारी म्हणाली. "केसांतून हात फिरवला मी. पाच मिनिटं. तेवढंच."

चार दिवसांनी त्याला ताप चढला. पुढचे एकवीस दिवस आपण रुग्णालयाच्या बाकांवर काढले.

आतापर्यंतचं पत्र वाचून ताई मनात म्हणत असेल, आईने केलं हे. दादा म्हणत असेल, मधलीच्या नियमांनी केलं हे. दोघंही थांबा. मी अजून खरं सांगितलेलं नाही. गेले सहा दिवस माझा आवाज ज्याने बसला आहे ते आता लिहिते.

मला माहीत होतं.

चौथ्या दिवशीच्या सकाळच्या फोटोत थर्मामीटर धरलेला अंगठा दिसतो. तुम्ही आकडा पाहिला. मी पोटासाठी पानातली चूक शोधणारी बाई, माझी नजर कडेला आधी जाते. नखाच्या कडेला निळा खडू होता, कापडावर खुणा करतात तो. आणि आईच्या उजव्या अंगठ्याचं नख दारात सापडून दुभंगलेलं आहे, आपण लहान असल्यापासून. हे नख अख्खं होतं.

मी फोटो मोठा करून पाहिला. मग फोन लावला. आईचा आवाज घोगरा होता. मी विचारलं, बरी आहेस ना? पण कसं विचारलं ते माझं मला ठाऊक आहे. ज्या सुरात विचारलं की समोरच्याला 'हो'च म्हणावं लागतं, त्या सुरात. ती हो म्हणाली. मी म्हटलं, चला, छान. आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

का, ते विचारा. दादा, तुला मी सोळा वेळा फोन केले होते. सतराव्याला तू 'बघतो' म्हणालास आणि विसाव्याला 'येतो'. मी त्या अंगठ्याबद्दल तोंड उघडलं असतं तर सातवं कलम लागू झालं असतं, आणि तू पुन्हा कधी आला नसतास असं मला वाटलं. त्याहून वाईट गोष्टही लिहून टाकते. छापखान्यात मी सगळ्यांना सांगून बसले होते, की आमच्या घरची शिस्त येऊन बघा. ती मोडली असं मला कबूल करायचं नव्हतं. वीस मिनिटं दादाला झोडपणाऱ्या बाईला स्वतःच्या आईला एक सरळ प्रश्न विचारता आला नाही.

नोव्हेंबरात आमच्या बांधणी विभागातली एक बाई ताप अंगावर काढून कामावर आली आणि यंत्राशी कोसळली. आजारपणाच्या दिवसाचा पगार कापतात, म्हणून तिने लपवलं होतं. मी गेटवर चढून बोलले. म्हणाले, ताप लपवणारीला जाब विचारू नका, खरं बोलल्याची शिक्षा ठेवणाऱ्याला विचारा. काय टाळ्या पडल्या. व्यवस्थापनाने महिन्याभरात नियम बदलला. आणि गेटवर बोलले त्याच संध्याकाळी घरी येऊन मी तुम्हाला सात कलमांची आठवण पाठवली. आपल्या आईसाठी मीच तो कारखाना चालवत होते आणि मला दिसलं नाही. माणूस इतका आंधळा असू शकतो, हे मी पुस्तकांत खूपदा वाचलं आहे. तो माणूस मी असेन असं वाटलं नव्हतं.

शेंडेफळा, तुझी किडनी वाचली, पण पूर्वीइतकी राहिली नाही. डॉक्टरीणबाईंनी ताईला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की असा आणखी एक ताप तिला झेपणार नाही. हे तुझ्यापासून तीन आठवडे लपवलं. तो ताप तुला आईकडून आला, आणि मी पाहिलं होतं. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. ताई, तुझ्या अंगातून काढून दिलेली गोष्ट मी सांभाळली नाही. तुझ्यापुढे मला शब्द नाहीत, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

आता पुढच्या सुट्टीचं. ताईचं पत्र आलं आहे, यापुढे एकत्र जमणंच बंद. दादाचं म्हणणं, नियमबियम काही नकोत, ज्याने त्याने आपलं बघावं. आणि आई म्हणते, मी आता कुणालाच बोलावणार नाही, माझ्या हाताने पोराला विष दिलं. तिला मी सांगितलं की विष त्या नियमात होतं. तिने ऐकलं नाही. तिघंही मला चूक वाटतात, आणि मी अजून भांडायला जिवंत आहे.

जमायचं. शेंडेफळाने बसने यायचं नाही, दादाच्या गाडीतून, काचा खाली करून, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. जेवण गॅलरीत, आणि झोपायला त्याला वेगळी खोली. फोटो बंद. पण हे सगळं पोकळ आहे, जोवर 'मला बरं नाही' म्हणणाऱ्याचं वर्ष बुडतं. म्हणून सातवं कलम मी खोडते. त्याच्या जागी: कुणालाही ताप आला, मग ती आई असो की दादाचं पोर, तर सुट्टी रद्द होणार नाही, दुसऱ्या तारखेला जाईल. आणि ती तारीख आधीच ठरलेली असेल. पुढे बघू, जमवू, असल्या गोष्टीवर आई विश्वास ठेवणार नाही, आणि तिने का ठेवावा?

पहिली तारीख बारा एप्रिल. दुसरी दहा मे. मी दोन्हींची रजा आज दुपारी मागितली. मुकादम म्हणाला, बाई, एका सुट्टीसाठी दोनदा रजा? मी म्हटलं, हो, आणि एक वापरली नाही तर परत घ्या. तो बघतच राहिला. सही केली पण.

तुम्हाला माझा राग आला असेल तर तो मला फोन करून सांगा, पत्राने सांगा, समोर येऊन वीस मिनिटं बोला, मी बसून ऐकेन. पण त्याआधी एक काम करा. उद्या सकाळी कामावर पोचल्याबरोबर, चहासुद्धा घेण्याआधी, दहा मेच्या रजेचा अर्ज टाका, आणि त्यावर सही झाली की आईला फोन करून एवढंच सांगा, की दुसरी तारीख पक्की आहे.

ताप आला तर जिला सर्वांत आधी सांगावंसं वाटेल अशी बहीण अजून होऊ पाहणारी,

तुमची मधली