देवयानीच्या जरा बाजूला

१६ सप्टेंबर, मंगळवार

तारांगणाच्या यंत्राचा बल्ब पुन्हा मंद! क्लेमला तिसरी चिठ्ठी लिहिली. सातवीच्या पोरांना सकाळी दहाला घुमटाखाली अंधारात बसवायचं, छतावर आकाश उमटवायचं, कृत्तिका मोजायला सांगायच्या — आणि मला स्वतःलाच तिथे नुसता डाग. पोरं म्हणतात सहा, कुणी म्हणतं सात. क्लेम म्हणतो, "बाई, बल्ब नवा कोरा आहे. उन्हाळ्यात मीच बसवलाय." शाळेची डागडुजी बघणारा माणूस, ताऱ्यांतलं त्याला काय कळतं! फाडकन बोलले त्याला.

एक मात्र झकास झालं. देवयानी दीर्घिका — आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडची, अब्जावधी ताऱ्यांची, आणि छतावर दिसायला जेमतेम पुसट ठिपका — वर्गात सगळ्यांत आधी दिसली इलोना यर्कानिनला. मान तिरकी करून बघत होती. अंधुक वस्तूकडे सरळ बघायचं नसतं, जरा बाजूला बघायचं. अंधारात डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त दिसतं. ही युक्ती मी अजून शिकवलीसुद्धा नव्हती! तीस वर्षांत अशी पोरगी मिळाली नाही.

२५ सप्टेंबर

आज पालकांची भेट. भाषेच्या बाई इलोनावर भडकलेल्या. "बोलताना तोंडाकडे बघत नाही. उद्धट कार्टी!" मी म्हटलं, उद्धट कसली, जातिवंत आकाशनिरीक्षक आहे ती.

तिची आई रोझॅन वृद्धाश्रमातल्या कामावरून तशीच आलेली, गणवेशात. म्हणाली, "फळ्यावरची मधली अक्षरं गायब होतात म्हणते. डोळे तपासून घ्यावेत का?" मी हसले. "इलोनाचे डोळे? अहो, सबंध शाळेत असे डोळे नाहीत!" बिचारीचा चेहरा उजळला.

३ ऑक्टोबर

चर्चमधून पिरोगी आणल्या, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. त्या चांगल्या होत्या. बाकी दिवस वाईट. छतावर प्रकाशाचा बाण रोखून मी 'हा ब्रह्महृदय तारा' म्हणाले आणि पोरं हसली — तिथे ताराच नव्हता.

२१ ऑक्टोबर

कॉफी कपाच्या शेजारी ओतली. नवऱ्याने, एमिलने, फडकं आणलं. मग म्हणाला, "डोलोरेस, मागच्या आठवड्यात तू दाराच्या चौकटीला सुतार बोलवायला सांगितलंस. चौकट सरळ आहे गं."

२९ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांनी चौकटींचा कागद पुढे धरला. मधल्या चौकटी नाहीत! कडेच्या आहेत, मधल्या नाहीत. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलाय. उजव्या डोळ्यात जास्त, डाव्यात सुरुवात. गेलेलं परत येत नाही.

"दीड-दोन वर्षं तरी चाललंय हे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" मी सांगितलं, आम्ही दुर्बिणीवाले तिरकंच बघतो, डोळ्याला सवयच तशी. ते हसले. म्हणाले, बऱ्याच लोकांना असं आपोआप शिकावं लागतं. मधलं गेलं की माणूस कडेने बघायला लागतो. लहान मुलंसुद्धा.

लहान मुलंसुद्धा.

गाडी एमिल चालवत होता. अर्ध्या वाटेत माझ्या घशातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. त्याला वाटलं मी माझ्यासाठी रडतेय.

३० ऑक्टोबर

फोन उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. काय सांगू इलोनाच्या आईला? क्लेमची मात्र माफी मागितली. बल्ब ठीकच होता.

३ नोव्हेंबर

केला फोन. सगळं सांगितलं. रोझॅन म्हणाली, "सप्टेंबरात तपासणीची वेळ घेतली होती हो. तुम्ही म्हणालात असे डोळे कुणाचे नाहीत, म्हणून रद्द केली."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर

वर्गात आज ताऱ्यांचे रंग: निळा तो जास्त तापलेला, लाल तो थंड. दर वर्षी पोरं उलटं सांगतात, यंदाही सांगितलं. मग एकाने विचारलं, देवयानीचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघाला, तर ती आत्ता तिथे आहे की नाही? म्हटलं, असणार, पण आत्ताचं आपल्याला दिसत नाही. आपल्यापर्यंत पोचतं ते जुनं. बोलता बोलता माझी नजर इलोनाच्या बाकाकडे गेली आणि मी दिवे लावायला उठले.

१९ नोव्हेंबर

पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी इलोनाचं निदान केलं. आनुवंशिक आहे, औषध नाही. मधलं हळूहळू जात राहणार. दोन महिने आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं त्यांनी रोझॅनला सांगितलं. तिने ते मुद्दाम फोन करून मला कळवलं. केवढं मन तिचं! पण मला फरक पडतो. पोरगी दोन महिने एकटीच चाचपडत होती आणि मी टाळ्या वाजवत होते.

काही करता येत नाही. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. हात नुसते मांडीवर.

२ डिसेंबर

राजीनामा लिहिला. मोठ्या अक्षरात, ओळी वाकड्या गेल्या असतील. बाण आकाशात भलतीकडे दाखवणारी बाई काय कामाची? एमिल म्हणाला, "नाताळापर्यंत तरी थांब." नाही. उद्या देऊन टाकायचा.

३ डिसेंबर, बुधवार

तास संपला, दिवे लागले, पोरं गेली. इलोना मागे राहिली. मी म्हटलं, बाळा, मला माफ कर, मला काही कळलंच नाही.

"कळलं नाही?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. माझ्या कानाशेजारी कुठेतरी बघत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहितीये. पहिल्याच दिवशी दिसलं मला — बाई माझ्यासारख्याच बघतात. म्हणून घाबरले नाही मी. म्हटलं, असं बघूनही तारे शिकवता येतात."

पत्र अजून पर्समध्येच आहे.