सोनचिखल्याची चार अंडी

सर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय, कारण मला माझीच शिसारी आली आहे आणि हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

यंदा, दोन हजार सहाच्या जूनमध्ये, अलास्कातल्या नोमला गेलो होतो. हिवाळ्यात आपल्या तळ्यावर मळकट पिसांत येणारा सोनचिखल्या दाखवून तुम्ही म्हणायचात, "हा इथं पाहुणा रे. याचं घर पार उत्तरेला." शाळेच्या पगारात तुमचं जाणं कुठलं जमायला! म्हटलं, आपण तरी जाऊ. अमेरिकेत मी नोकरी करतो त्या रेडमंडहून मी आणि ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर काका, काकू, असे तिघं निघालो. टुंड्रा म्हणजे झाड औषधालाही नाही; भिजलेलं शेवाळ, बोचरा वारा आणि डास, नुसते डास. सकाळभर काका गाडीच्या खिडकीतून हातभर लेन्स काढून क्लिक करत होते. कस्तुरी-बैल दिसले, "झाले, नेक्स्ट!" मला किळस येत होती, पण ती त्यांची होती, म्हणून बरं वाटत होतं.

दुपारी तो समोर आला. काळीभोर छाती, पाठीवर सोनेरी ठिपके, लग्नाला निघाल्यासारखा नटलेला. आम्हाला बघून एक पंख फरफटत लंगडायला लागला. "अगं बाई, बिचाऱ्याचा पंख मोडलाय!" काकू कळवळल्या. झालं, माझ्यातला दीडशहाणा जागा झाला. "नाटक आहे काकू. म्हणजे अंडी इथंच आहेत." टिटवीची अंडी मी वर्गाला दाखवली तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत माझा कान पिळला होता. "घरटं दिसलं की पाऊल मागं आणि तोंड बंद, गाढवा!" हे आठवत असताना मी चार अंडी शोधून दिली.

"वा रे पठ्ठ्या!" म्हणत काका आडवे पडले. "दोन मिनिटं यार, लाइट मस्त आहे." दोनाची वीस झाली. पक्षी ओरडत आमच्याभोवती फिरतोय, अंडी त्या गार वाऱ्यात उघडी, आणि मीही कॅमेरा काढतोय. आम्ही गाडीशी पोचतो न पोचतो तोच लांब शेपटीचा एक लुटारू पक्षी घरट्यावर उतरला. मी धावलो, शेवाळात तोंडावर आपटलो. पोचलो तेव्हा फुटकी कवचं आणि चिकट बलक, बाकी काही नाही.

"आपल्यामुळं झालं का रे हे?" काकूंचा आवाज रडवेला झाला होता.

"छे हो काकू, निसर्ग आहे. चालायचंच."

हे मी बोललो, तुमचा विद्यार्थी. काकांनी मान डोलावून सँडविचं काढली. मीही खाल्लं, आणि चवीनं खाल्लं, थू!

फोटो मात्र अप्रतिम आलाय. ऑफिसात भिंतीवर लावलाय, येणारा जाणारा त्याच्यापुढं थांबतो. आणि खरं सांगू का सर? तुम्ही असतात तर यातलं अक्षरही तुम्हाला कळू दिलं नसतं. मोठी प्रिंट काढून फक्त तो फोटो धाडला असता आणि तुमच्या शाबासकीची वाट बघत बसलो असतो.