जुन्या आवृत्तीचे गुरुवार

गुरुवार, ५ मार्च

दादाकडे जाऊन आलो. खेळलो. फाशांना तो डावा हात वापरतो, उजवा अजून मांडीवरच पडून असतो. टॅबवर एक पिवळी पट्टी आली – एकतीस तारखेपासून खेळाच्या जुन्या आवृत्तीची सोय बंद. दादाने विचारलं, "काय लिहिलंय रे?" म्हटलं, "जाहिरात."

शुश्रूषा केंद्रातल्या नव्या ताईंनी डोकावून विचारलं, "आजोबा, सापशिडी का?"

दादा म्हणाला, "सापशिडी ह्याच्यासाठी. मी जादूगार आहे."

मग मीच समजावलं. गोष्ट मी सांगायची, दादाने सांगायचं की जादूगार काय करतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. बेरजा-वजाबाक्या टॅब करतो. ताई म्हणाल्या, "आणि जिंकतं कोण?" चाळीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं!

शुक्रवार, ६ मार्च

पुतणीला फोन केला. टॅबवर खेळ तिनेच बसवून दिला होता, बापाचा हात गेला तेव्हा. म्हणाली, "काका, नवे नियम आलेत, म्हणून जुने काढतायत. मी रविवारी येते, बाबांचं सगळं उतरवून घेऊ. तोवर कशाला हात लावू नका. काहीही दाबू नका." दोनदा बजावलं.

शनिवार, ७ मार्च

दाबलं.

सकाळपासून चैन नव्हतं. रविवारच्या आत बंद झालं तर? पट्टीखाली बटण होतं – 'तुमची पात्रं नव्या आवृत्तीत न्या'. वाटलं, नेलेली बरी, निदान हरवणार तरी नाहीत. एक चाक फिरलं. मग दादाचा जादूगार आला, पण हा कोणी दुसराच. चार प्राण होते, ते बावीस झालेले. चिलखताचा आकडा जुन्यात जितका कमी तितका चांगला. इथे सगळं उलटं.

परतीचं बटण शोधलं. नाही.

रविवार, ८ मार्च

पुतणी आली. तासभर खटपट केली. कंपनीला लिहिलं, उत्तरही लगेच आलं – परत आणता येत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "जाऊ दे काका, चहा घ्या."

घेतला.

गुरुवार, १२ मार्च

दादाला सांगितलं नाही. म्हटलं, कळणार नाही. झटका आल्यापासून काल काय खाल्लं ते त्याला आठवत नाही.

गुहेत त्याने उजेडाचा मंत्र म्हटला. मग पाटीकडे – टॅबला तो पाटीच म्हणतो – बघत राहिला. "मंत्र अजून दिसतोय." मी म्हटलं, "असू दे की." तर म्हणतो, "असू दे कसं? एकदा वापरला की विसरायचा. सकाळी परत पाठ करायचा. विसरत नाही तो कसला जादूगार?" मी म्हटलं, नवा नियम आहे. फासे फेकले त्याने. एक पलंगाखाली गेला. ताईंनी काठीने काढला.

नंतर भिंतीकडे तोंड करून झोपला. मी चप्पल घालून निघालो. बसमध्ये काही वाटलं नाही. घरी येऊन भांडी घासली.

शनिवार, १४ मार्च

ट्रंकेतून वही काढली. दादा जहाजावरून हा खेळ घेऊन आला, तेव्हा मी सातवीत शाळा सोडून बाइंडरच्या हाताखाली होतो. नियमांचं जाड पुस्तक मला झेपेना. त्याने सुट्टीत बसून सगळं या वहीत साध्या भाषेत लिहून दिलं. मी तिला कापडी पुठ्ठा घातला. अजून एक टाका सुटलेला नाही.

जादूगाराचं पान आठवून आठवून पुन्हा मांडलं. प्राण चार. मंत्र तीन. काठीवर कसली खूण होती? आठवलं नाही. जागा मोकळी सोडली.

गुरुवार, १९ मार्च

टॅब समोर उभा केला, वही मागे मांडीवर. बोटं टॅबवर मारायची, वाचायचं वहीतून. उजेडाचा मंत्र म्हटला त्याने. मी म्हटलं, "गेला. विसरलास." अर्ध्या तोंडाने हसला. "हां. आता कसं!"

घामाने सदरा भिजला माझा.

शुक्रवार, २० मार्च

काही नाही.

गुरुवार, २६ मार्च

चिलखताच्या वजाबाकीत चुकलो. दादा खिडकीबाहेर बघत बसला, मी दुरुस्त करेपर्यंत. मग म्हणाला, "पुढे?"

काठीवरची खूण आडून आडून विचारली. "घुबड," म्हणाला. "विसरलास?" वहीत घुबड काढलं. कोंबडीसारखं झालंय.

घरी येऊन पाहतो तर टॅब मेलेला. चार्जिंग करायचंच राहिलं होतं, बहुतेक सोमवारपासून! म्हणजे दोन तास मी काळ्या काचेवर बोटं आपटत होतो. दादाला काही कळलं नसेल. नजर अधू झालीय त्याची.

मंगळवार, ३१ मार्च

बंद झालं. पट्टीसुद्धा गेली. पुतणीचा फोन – "बाबांना कळलं का?" म्हटलं, नाही.

गुरुवार, २ एप्रिल

दादाने ओळखलं नाही. "बसा," म्हणाला. मला कधी 'बसा' म्हणाला नव्हता. बसलो.

जरा वेळाने वाकून हळूच म्हणाला, "आज माझा धाकटा येईल. पाटीमागे वही लपवून वाचतो. पाटी बंद असली तरी बोटं मारतो. त्याच्यासमोर काही बोलू नका हां. लहानपणापासून घाबरट आहे तो."

म्हटलं, "नाही बोलणार."

उठून बाहेर आलो. वही सदऱ्याखाली खोचली. दार वाजवलं.