होडीत मांडलेली काकडी

प्रिय बाबांना सुवा शहरातून एरेताचा नमस्कार.

मी बरी आहे, पोटभर जेवते. रागाच्या भरात लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

मी काम करते त्या हॉटेलच्या जेवणघरात आपल्या किरिबास बेटांवरची, बाजूला तोलाचं लाकूड बांधलेली उलांडीची होडी आणून ठेवलीय. काथ्याची शिवण बघताच मी ओळखली. मॅनेजर म्हणाले, "हिच्यात बर्फ ओत आणि वर पाहुण्यांसाठी काकडी मांड."

मी म्हटलं, "साहेब, ही समुद्रातून माणसांना घरी आणते. माझे बाबा हिच्यात चपला घालून चढू देत नाहीत."

"अगं, इथे ती नुसती शोभेला आहे."

मी बर्फ ओतला नाही. आता कपडे धुण्यावर बदली झालीय. पगार तोच आहे, आईला काळजी नको.

तुमचा खोकला कसा आहे? नवी होडी बांधताय म्हणे. कोणी विकत मागितली तर आधी विचारा, पाण्यात घालणार का? नाही म्हणाला तर शहाळं पाजून परत पाठवा.

तुमची हट्टी लेक,
एरेता